हिराबाईची नणंद मोकळी झाली

पनवेलच्या मुलींच्या शाळेत मी एकोणीस वर्षं आरोग्यशास्त्र शिकवलं. नखं कापावीत, पाणी उकळून प्यावं, दुखणं अंगावर काढू नये. हे तिसरं वाक्य मी फळ्यावर ठळक लिहायची आणि त्याखाली दोनदा रेघ ओढायची. आणि हे शिकवत असतानाच एका वर्षी मी स्वतःचं दुखणं पाच महिने असं अंगावर काढलं की मरता मरता वाचले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आता हसायला येतं. पण तेव्हाचा एखादा दिवस नेमका आठवला, की हसू पळतं.

हे बायकांनी वाचावं म्हणून लिहिते आहे. पुरुषांनी वाचलं तर माझी ना नाही. यात काही शब्द असे येतील, जे आपल्याकडे कुजबुजून बोलतात. मी ते सरळ लिहिणार आहे. कुजबुजीनं माझं व्हायचं तेवढं नुकसान होऊन गेलंय.

*

घरात आम्ही तीन माणसं. मामलेदार कचेरीत कारकून असलेले आमचे हे, मी आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेलेली. सासूबाईंचं सोवळं कडक. बाहेर मी 'बाई' असले तरी घरी महिन्याचे चार दिवस मागच्या पडवीत. वेगळं ताट, वेगळा तांब्या, वेगळं अंथरूण. सासूबाई दुष्ट नव्हत्या हो. मी कंटाळेन म्हणून पडवीत मासिक आणून देत, पण ते काठीनं सरकवून. "शाळेत काय चालतं ते तुझं तू बघ, माझ्या घरात चालायचं नाही," एवढंच त्यांचं म्हणणं, आणि त्यावर वाद नाही.

पंचेचाळिशी उलटल्यावर माझी पाळी थांबली. थांबताना आणि थांबल्यावरही अंगातून वाफा निघायच्या. थंडीच्या दिवसांत, वर्ग शिकवता शिकवता, मानेवरून घामाची धार लागायची आणि मुली एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. गावातल्या डॉक्टरांनी मला काही इंजेक्शनं दिली. "नवीन शास्त्र आहे बाई, हार्मोन म्हणतात याला," असं ते मोठ्या उत्साहानं म्हणाले. वाफा कमी झाल्या. मला शास्त्राचं कौतुक वाटलं.

पाळी जाऊन वर्ष झालं तेव्हा, पाडव्याच्या दिवशी, सासूबाईंनी मला देवघरापाशी बोलावलं. "आता तू मोकळी झालीस," त्या म्हणाल्या. "यापुढे देव तू बघ. नैवेद्य तू कर. लोणच्याच्या बरण्याही तुझ्या."

मोकळी झाली म्हणजे पाळीच्या कटकटीतून सुटली. आमच्याकडे असंच म्हणतात. ऐकणाऱ्याला गंमत वाटेल, पण पंचवीस वर्षं ज्या बरणीला बोट लावायची मला चोरी होती, ती बरणी आता माझी होती. शाळेत मला कधी बढती मिळाली नाही. त्या दिवशी ती घरात मिळाली आणि मी तोऱ्यात वावरू लागले.

*

वैशाखात मी लोणचं घालायला घेतलं. कैऱ्या चिरून, मीठ-हळद लावून परातीत पसरल्या. कंबर सरळ करायला उठले आणि कळलं, अंगावरून जातंय.

मी तशीच उभी राहिले. काय करावं? सांगितलं असतं तर त्या कैऱ्या गुरांपुढे गेल्या असत्या. देव पुन्हा धुवून घ्यावे लागले असते. आणि मी, जी महिनाभर सोवळं नेसून मिरवत होते, ती ताट-तांब्या घेऊन पुन्हा पडवीत! नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी फडकं घेतलं, हात धुतले आणि लोणचं घातलं.

मनाची समजूत घालायला म्हण तयारच होती. विझताना दिवा मोठा होतो. जाता जाता एकदा आलं असेल, जाईल. पण ते जाईना. पंधरा दिवसांनी परत आलं. मग नऊ दिवस टिकलं. मग किती दिवस आलं आणि किती नाही याचा हिशोबच राहिला नाही. मी रोज बरणीचं फडकं सोडून आत बघायची. विटाळशीचा हात लागला की लोणचं नासतं असं लहानपणापासून ऐकलेलं. बुरशी धरली की सगळं उघडं पडणार, या भीतीनं माझा जीव अर्धा व्हायचा. लोणचं काही नासलं नाही. उलट आषाढात सासूबाई जेवताना बोटं चाटत म्हणाल्या, "यंदाचं लोणचं काय मुरलंय गं!" आणि मला चोरासारखं मान खाली घालून जेवावं लागलं.

*

करंजाड्याची हिराबाई आठवड्यातून दोनदा मीठ आणि भाजी घेऊन आमच्या दाराशी यायची. माझ्याच वयाची, काळी, काटक, तोंडानं फटकळ. घरात सांगता येत नाही ते दारातल्या बाईला सांगता येतं, तसं झालं.

"बाय, तोंड पार पांढरा पडलाय तुमचा," ती टोपली उतरवत म्हणाली. "काय व्हतंय?"

मी आत पाहिलं. सासूबाई पडल्या होत्या. "थांबलं होतं ते परत सुरू झालंय गं," मी म्हटलं. "दोन महिने झाले."

ती मिठाचं माप भरता भरता थांबली. "माज्या ननदंला बी असाच झालता. थांबला, नि मंग परत चालू. लय रगत जायाचा. सा-सात म्हयने हाल काढलं तिनं."

"मग?"

"मंग काय बाय. मोकली झाली."

काय बरं वाटलं मला! सहा-सात महिने त्रास होतो आणि मग थांबतं. माझे दोन झाले, चार-पाच राहिले. तेवढे तर बघता बघता निघून जातील. त्या आनंदात मी हिराबाईसाठी चहा टाकायला आत पळाले. तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

पुढचे तीन महिने मी त्या एका वाक्यावर काढले. जिना चढताना धाप लागायची, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मी म्हणायची, हिराबाईची नणंद नाही का मोकळी झाली?

नवरात्राच्या तोंडावर मी वर्गात फळ्यापाशी कोसळले. मुलींनी कांदा हुंगायला दिला. दुसऱ्या दिवशी रजा घेऊन घरी होते, तर हिराबाई आली. मी म्हटलं, "पुढच्या खेपेला तुझ्या नणंदेला घेऊन ये ना. तिनं काय औषध घेतलं होतं ते विचारायचंय."

हिराबाईनं टोपली खाली ठेवली.

"बाय, तुमी असा काय बोलताव? ती मोकली झाली नाय का!"

"हो, म्हणूनच तर विचारतेय."

"आता शिमग्याला वरीस व्हईल तिला. माज्या दारातनं नेली."

"म्हणजे?" मी विचारलं. एवढं ऐकूनही विचारलं.

"म्हंजे मेली, बाय."

मी पायरीवरच बसले. बाळंतीण मोकळी होते, पाळी जाते तीही मोकळी होते आणि हाल हाल होऊन मरते तीसुद्धा मोकळीच होते. आम्हीही म्हणतोच की, "सुटली बिचारी, मोकळी झाली." मी मराठी शाळेतली बाई. तिन्ही अर्थ मला ठाऊक होते. मला हवा होता तेवढा एक मी ऐकला.

"तेव्हाच नीट का नाही सांगितलंस?" मी तिच्यावरच खेकसले.

"सांगितला की. मीठ भरताना मी रडत व्हते. तुमी चाय आनाया पळालाव."

*

संध्याकाळी हे कचेरीतून आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी टोपी खुंटीला लावली होती, ती काढून परत डोक्यावर घातली. मग म्हणाले, "पाच महिने?"

"हो."

"आणि का नाही बोललीस?"

मी पडवीचं सांगितलं, देवांचं सांगितलं, बरणीचं सांगितलं. पंचवीस वर्षांत हे माझ्यावर कधी ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. "लोणच्यासाठी? लोणच्यासाठी जीव द्यायला निघालीस?" आणि मग माजघरात आई आहे हे आठवून एकदम गप्प झाले. मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली. सासूबाईंना आम्ही पोटात गाठ आहे एवढंच सांगितलं. त्यांनी देवापुढे सुपारी ठेवली आणि दुसरं काही विचारलं नाही.

*

तळोजं, शीळ, मुंब्रा करत एस.टी.नं ठाणं आणि तिथून पुढे मुंबई. तिथल्या मोठ्या इस्पितळात बायकांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. माझ्या मुलीपेक्षा फार तर चार वर्षांनी मोठ्या. मी त्यांना म्हटलं, "माझी पाळी गेली होती, ती परत आली आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, एकदा पाळी गेली आणि वर्षानं परत रक्त आलं, तर ती पाळी नसते. ते रक्त असतं. लगेच दाखवायचं असतं."

एवढं साधं वाक्य. मी शाळेत शिकवायच्या पुस्तकात ते नव्हतं, आईनं सांगितलं नव्हतं, सासूनं सांगितलं नव्हतं. अंगावर काटा आला तो त्या रोगाच्या नावानं नव्हे. रोगाचं नाव अजून कळायचंच होतं. एवढं सोपं वाक्य एवढी वर्षं माझ्यापर्यंत पोचलं कसं नाही, याचाच मला धक्का बसला.

मग त्यांनी एक मोठं रजिस्टर काढलं. पहिली पाळी कितव्या वर्षी, किती बाळंतपणं, वाफा कधीपासून, इंजेक्शनं कोणती, किती. मी वैतागून विचारलं, "हे सगळं कशाला?"

"आम्ही लिहून ठेवतोय," त्या म्हणाल्या. "आमची पुस्तकं विलायतेतल्या बायका बघून लिहिलेली आहेत. आपल्याकडच्या बायकांची पाळी केव्हा जाते, जाताना काय होतं, हे आजवर कुणी धड विचारलेलंच नाही."

"मग मला हे त्या इंजेक्शनांमुळे झालं का?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे खरंच माहीत नाही. म्हणून तर लिहून घेते आहे."

डॉक्टरला माहीत नसतं हे मला तोवर माहीत नव्हतं! पण खरं सांगते, 'काळजी करू नका' म्हणणाऱ्या सगळ्यांपेक्षा मला त्या 'माहीत नाही' म्हणणाऱ्या मुलीचा आधार वाटला.

तारखांचा मात्र घोळ झाला. त्या विचारायच्या, कितवी तारीख? मी सांगायची, अक्षय तृतीयेनंतरचा शुक्रवार. नागपंचमीच्या आदल्या दिवशी. पिठोरीला. त्या कपाळाला हात लावायच्या. चौथ्या दिवशी बघते तर त्यांच्या टेबलावर रजिस्टरच्या शेजारी कोरं करकरीत पंचांग! "सगळ्याच बायका असंच सांगतात," त्या म्हणाल्या. "शेवटी मीच शिकायचं ठरवलं. आता सांगा, पिठोरी म्हणजे अमावस्या ना?"

*

गर्भाच्या पिशवीतला तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्यानं आम्हाला दोघांना बसवून मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की कर्करोग आहे, पण अजून पिशवीच्या बाहेर गेलेला दिसत नाही.

हे उठून उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. आणि मी काय म्हणाले असेन? "सहामाहीचे पेपर तपासायचे राहिलेत." मोठ्या डॉक्टरांना वाटलं मी ऐकलंच नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. मी पुन्हा म्हटलं, "सातवीचे तेवढे राहिलेत." माझं तोंड बोलत होतं आणि मी कुठेतरी लांब उभी राहून ते ऐकत होते. बाहेर व्हरांड्यात आल्यावर यांनी विचारलं, "पेपर कुठल्या कपाटात आहेत?" तेव्हा मी रडले.

आधी रेडियम लावायचं, मग पिशवी काढायची असं ठरलं. ज्यांना यातून जायचंय त्यांना खोटा धीर देत नाही, त्रास होतो. पहाटे पाचला सिस्टर थर्मामीटर तोंडात कोंबते, मग अल्युमिनियमच्या मग्ग्यातला चहा येतो आणि दिवस संपता संपत नाही. रेडियमच्या दिवसांत मला एका खोलीत एकटीला ठेवलं. रेडियमचे किरण इतरांना बाधतात, म्हणून कुणी जवळ यायचं नाही. जेवण दारातून सरकवायचं, बोलायचं तेही दाराबाहेरून. पहिल्या दिवशी मला मोठ्यानं हसू आलं. पडवीच की ही! फरक एवढाच, की इथे लांब राहायला कारण होतं. दुसऱ्या दिवशी हसू आटलं. छताकडे बघत मी मरणाचा विचार केला, आणि मरणापेक्षा जास्त या गोष्टीचा, की मी मेले असते तर माझ्या मुलीला कारण काय सांगितलं असतं. पोटात गाठ होती, एवढंच. तिच्या वेळेला तीही असंच झाकून बसली असती.

डॉक्टरीणबाई दाराबाहेर स्टूल टाकून बसायच्या आणि रजिस्टर उघडून माझ्याशी गप्पा मारायच्या. दिवाळीला हे चकल्या घेऊन आले. स्वतः केलेल्या. एकीचाही वेढा शाबूत नव्हता. वॉर्डातल्या बायकांनी ते तुकडे वाटून घेतले आणि पुरुषाच्या हातच्या चकल्या म्हणून दोन दिवस हसत राहिल्या. एवढं हसणं त्या वॉर्डानं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं, असं सिस्टर म्हणाली. ऑपरेशन नीट झालं.

*

मार्गशीर्षात मी घरी आले. काठीच्या आधारानं माजघर ते परस, एवढंच चालायचं. सासूबाई मला पेज करून द्यायच्या. फार वाळल्या होत्या. माझ्या काळजीनं असेल, शिवाय वय, असं मला वाटलं.

एका दुपारी त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. माझ्यानं राहवेना. म्हटलं, घालायच्या त्या शिव्या घालू देत, पण हे पाप आता पोटात नको. मी सांगून टाकलं. "सासूबाई, नुसती गाठ नव्हती ती. वैशाखापासून मला अंगावरून जात होतं. मी तशीच देवांना हात लावला. नैवेद्य केला. लोणचंही तशीच असताना घातलं."

त्यांचा हात सुपात थांबला. मी मान खाली घालून वाट पाहत राहिले.

"लाल जायचं का काळपट?" त्यांनी विचारलं.

मी वर पाहिलं.

"आणि वास यायचा का?"

"सासूबाई..."

"माझं पौषापासून आहे गं," त्या म्हणाल्या. आज भाजी काय आहे ते सांगावं, अशा आवाजात. "दोन-अडीच महिने तशीच पूजा केली. मग मन खायला लागलं. म्हणून तर देव तुझ्याकडे दिले."

इस्पितळात मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाही मी अशी सुन्न झाले नव्हते.

"मला नाही तर निदान यांना तरी सांगायचं!" मी कशीबशी म्हटलं.

"लेकाला? काय सांगू? बहात्तराव्या वर्षी म्हातारीला पाळी आली म्हणून? गावभर हसं करून घेऊ?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "तुला म्हटलं असतं, तर तू मला पडवीत बसवलं असतंस. आता या वयात मला नको होती ती पडवी."

"उठा," मी म्हटलं.

"कुठं?"

"मुंबईला जायची तयारी करायला. उद्या सकाळच्या एस.टी.नं निघायचं."

"अगं, तुझे टाके ओले आहेत. आणि उद्या एकादशी."

"असू दे." सासूबाईंना मी आयुष्यात पहिल्यांदाच हुकूम सोडला आणि त्यांनी तो मुकाट्यानं ऐकला.

दुसऱ्या दिवशी गाडीत त्यांना खिडकीपाशी बसवलं. हे पुढच्या बाकावर होते. तळोजं मागे पडल्यावर मी हळूच विचारलं, "फडकी कुठे वाळत घालत होतात?"

"कोठीच्या खोलीत. भाताच्या कणगीमागे, खिडकीच्या अंगाला. तिथं कोण जातंय?"

मी त्यांचा हात धरला. माझी मी त्याच खोलीत घालायची, त्याच कणगीमागे, पण भिंतीच्या अंगाला. मधे भात होतं, म्हणून एकमेकींची दिसली नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना तपासलं. रजिस्टरात नवं पान काढलं, पंचांग पुढे ओढलं आणि सासूबाईंनी पौषातली तिथी अचूक सांगितली. मग मला एकटीला बाहेर बोलावून त्या म्हणाल्या की आता त्रास कमी करता येईल, बाकी हातात काही नाही. सासूबाई चैत्रात गेल्या.

मला तोंड उघडायला पाच महिने लागले. त्यांना अकरा.